गिऱ्हाइकाचा संशय आणि लक्ष्मणरावांचा नांगर

धंदा काढणे सोपे, पण गिऱ्हाईक जोडणे कठीण, हे दुकानाच्या गादीवर चार दिवस बसलेल्या कोणासही सांगावयास नको. तरीही आमच्याकडे नव्या उद्योगाची चर्चा निघाली म्हणजे ती भांडवल, जागा आणि परवाना या तिहींभोवतीच फिरते. तयार झालेला माल परक्या माणसाने आपल्या गाठीचे पैसे सोडून का घ्यावा, हा प्रश्न बहुधा माल कोठारात धूळ खात पडल्यानंतर मालकास सुचतो. मग जाहिरात, मग सूट, मग देशाभिमानाला हाक, आणि सरतेशेवटी गिऱ्हाइकाच्या अडाणीपणाविषयी तक्रार, असा क्रम लागतो. वकिलीच्या व्यवसायामुळे दिवाळ्याचे कागद पाहण्याचा प्रसंग आम्हांस पुष्कळदा आला आहे. आणि त्या कागदांत कर्जाचे आकडे असले तरी मूळ रोग बहुतेक ठिकाणी हाच आढळला, की गिऱ्हाइकाच्या मनात काय आहे हे मालकाने कधी विचारलेच नव्हते.

म्हणून आज कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे चरित्र आमच्या व्यापारी वाचकांपुढे मांडावे असे वाटते. त्यांच्या कारखान्याची कीर्ती सर्वांस ठाऊक आहे. पण त्यांच्या आयुष्यात अशी दोन वर्षे होऊन गेली की तयार केलेला नांगर कोणी घेईना. ती दोन वर्षे आम्हांस पुढील सर्व वैभवापेक्षा अधिक बोधप्रद वाटतात.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. शाळेच्या पुस्तकांत मुलाचे मन रमेना. हात मात्र चित्रात आणि यंत्रांत रमत. वडीलबंधू रामुअण्णा यांनी पाठबळ दिले आणि लक्ष्मणराव मुंबईस जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत चित्रकला शिकावयास गेले. तेथे एक विलक्षण अडचण उभी राहिली. त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतील भेद कळत नसे. चित्रकाराला रंग न दिसणे म्हणजे गवयाला सूर न ऐकू येण्यासारखेच. दुसरा एखादा तरुण नशिबाला बोल लावीत गावी परतला असता. पण रेषेला रंग लागत नाही हे यांच्या ध्यानी आले, आणि ते यांत्रिक आरेखनाकडे वळले. त्या विद्येच्या बळावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची जागा मिळाली. शिकवण्याचे काम संपले की ते तेथील कार्यशाळेत जाऊन यंत्रे खोलीत, जोडीत आणि त्यांचे मर्म समजून घेत. पगारी माणसाने कामाचे तास संपल्यावर हात काळे करण्याची ही हौस आमच्या पांढरपेशा वर्गात तेव्हाही दुर्मिळ होती आणि आजही ती फारशी वाढली आहे असे नाही.

मुंबईत त्यांच्या दृष्टीस बायसिकल पडली. स्कॉटलंडच्या डनलॉप यांनी हवा भरलेल्या धावेचा शोध लावला तो 1888 सालचा. म्हणजे हे वाहन तेव्हा जगातच नवे होते, मग आमच्या मुलखाची गोष्ट काय सांगावी! लक्ष्मणराव स्वत: ती चालवावयास शिकले, आणि मग मुंबईत सायकली खरेदी करून बेळगावास रामुअण्णांकडे विक्रीसाठी धाडू लागले. किर्लोस्कर बंधूंच्या व्यवसायाचा आरंभ 1888 सालापासून धरतात, तो या उलाढालीपासूनच. बेळगाव हे जिल्ह्याचे ठाणे, शिवाय लष्कराची छावणी; तेव्हा हौशी आणि सधन गिऱ्हाईक तेथे अगदीच नव्हते असे नाही. परंतु ज्याने दोन चाकांवर तोल सावरणारा माणूस उभ्या जन्मात पाहिला नाही, तो ही वस्तू घेऊन करणार काय? रामुअण्णांनी सायकलीबरोबर सायकल शिकवण्याचाही धंदा चालवला. शिकवणीबद्दल पंधरा रुपये घेत, असे सांगतात. वाचकांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. गिऱ्हाइकाची अडचण पैशाची नव्हती. चारचौघांत पडून हसे होईल ही धास्ती त्याला होती. ती धास्ती काढून टाकण्याची सोय दुकानातच झाली, तेव्हा वाहन विकले जाऊ लागले. वस्तू विकणारे दुकानदार पुष्कळ असतात. वस्तू वापरावयाची विद्या तिच्यासोबत देणारा क्वचित भेटतो, आणि त्याच्याकडचे गिऱ्हाईक सहसा दुसरीकडे जात नाही.

मुंबईच्या संस्थेत लक्ष्मणरावांची वरच्या जागेवर नेमणूक व्हावयाची वेळ आली तेव्हा ती जागा त्यांना न मिळता एका अँग्लो-इंडियन गृहस्थास मिळाली. गुण एकाचे आणि बढती दुसऱ्याला, हा त्या राज्याचा नित्याचा न्याय होता. त्याचे नवल कोणास वाटले नसेल. बहुतेक लोक अशा प्रसंगी अर्ज करीत, गाऱ्हाणे मांडीत आणि पेन्शनीची वाट पाहत. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावास येऊन भावाच्या धंद्यात सामील झाले. त्या अन्यायाचे आम्ही समर्थन करीत नाही. परंतु त्या साहेबाची नेमणूक झाली नसती तर महाराष्ट्राला एक चांगला ड्रॉइंग मास्तर लाभला असता आणि एक कारखानदार मुकला असता, हेही खरे.

बेळगावात सायकलींच्या विक्रीत आणि दुरुस्तीत पोट भरत होते. तथापि दुसऱ्याने केलेला माल विकून मिळणाऱ्या दलालीवर लक्ष्मणरावांचे समाधान होईना. परदेशी यांत्रिक मासिके ते वाचीत आणि भोवतालच्या शेतकऱ्याचे हाल डोळ्यांनी पाहत. प्रथम त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले. त्याचा उपयोग पाहताक्षणी पटण्यासारखा होता. कडब्याची अखंड पेंढी जनावरापुढे टाकली तर निम्मा भाग पायदळी जातो, बारीक कुट्टी केली तर वाया जात नाही. आणि हे पाहण्यास शेतकऱ्याला एक संध्याकाळ पुरे. नंतर 1903 साली त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. येथे गोष्ट निराळी झाली.

आपला जुना नांगर बाभळीसारख्या कठीण लाकडाचा, त्याला खाली लोखंडी फाळ. तो जमीन उकरतो, परंतु उलटत नाही. काळ्या भारी जमिनीत तो ओढावयास बैलांच्या तीन-चार जोड्या लागत, आणि इतके करूनही हरळी आणि कुंदा यांची मुळे खोलवर तशीच राहत. ज्याच्या शेतात हरळी माजली आहे त्याला तिचा जाच काय असतो हे विचारावे. ती वरून खरडली की पावसाबरोबर दुप्पट होऊन उठते. लोखंडी नांगराला फाळाच्या मागे वाकडे पाते असते. ते कापलेली माती उचलून पालथी घालते, त्यामुळे तण गाडले जाते, मुळे उन्हात पडून वाळतात, आणि खालची माती वर येते. विलायतेच्या रॅन्सम कंपनीचे असे नांगर या देशात येत असत. तसाच, पण येथल्या जमिनीला आणि येथल्या बैलाला झेपेल असा नांगर बेळगावात करावयाचा, हा लक्ष्मणरावांचा बेत होता.

बेत उत्तम, माल उपयोगी, गरज उघड. आणि तरीही गिऱ्हाईक नाही! लोखंडाने जमिनीत विष भिनते आणि पीक नासते, अशी समजूत शेतकऱ्यांत होती. पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली. दोन वर्षे म्हणजे किती, हे ज्याने कधी महिनाअखेरीस मजुरांचा पगार चुकवला आहे त्यालाच कळेल. लोखंडाचे पैसे रोख गेलेले, कोळशाचे गेलेले, कारागिरांना रोज द्यावयाचे, आणि तयार नांगर भिंतीशी टेकून उभे.

या समजुतीची थट्टा करणे सुशिक्षितांस फार सोपे जाते. व्याख्यानपीठावरून आम्हीही एके काळी ती केली आहे, हे कबूल करण्यास हरकत नाही. परंतु तिच्याकडे किंचित शांतपणे पाहिले तर शेतकरी आम्हांस तितका मूर्ख वाटत नाही. त्याचा लाकडी नांगर गावचा सुतार करी. फाळ लोहार शेवटून देई. मोबदला सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याने चुके. ऐन पेरणीच्या तोंडावर नांगर मोडला तर सुतार हाकेच्या अंतरावर असे, आणि रोख दमडी लागत नसे. या व्यवस्थेच्या जागी आम्ही त्याला काय देऊ केले? रोख पैशाने घ्यावयाची वस्तू, जी गावच्या सुताराला दुरुस्त करता येत नाही, आणि जिचा भाग मोडला तर शहराची वाट धरावी लागते. जमिनीत विष भिनते असे तो तोंडाने म्हणत असेल. परंतु वर्षाचे पीक एका अनोळखी वस्तूच्या हवाली करावे लागेल, ही त्याच्या पोटातली भीती होती. त्याचे चुकले तर पोरेबाळे उपाशी. कारखानदाराचे चुकले तर त्याला दुसरा नांगर घडवता येतो. दोघांच्या जोखमीत हा जो फरक आहे तो ज्याला दिसत नाही त्याने खेड्यात माल विकावयास जाऊ नये.

लक्ष्मणरावांना तो दिसला असावा असे त्यांच्या पुढील वर्तनावरून आम्हांस वाटते. त्यांनी गिऱ्हाइकाला शिव्या दिल्या नाहीत आणि नांगर टाकून पुन्हा नुसत्या सायकलीही विकत बसले नाहीत. वापरात जे दोष दिसले ते काढले. ओतकामाची विद्या ते आणि त्यांचे सोबती पुस्तके वाचून आणि हात भाजून शिकले. नांगराची परीक्षा वावरात होते, कागदावर होत नाही; आणि एका शेतकऱ्याच्या रानातली हरळी खरोखर गेली म्हणजे बांधापलीकडचा शेतकरी जी जाहिरात वाचतो तिच्या तोडीची जाहिरात कोणत्याही छापखान्यात छापून मिळत नाही. अशा जाहिरातीला मात्र एक हंगाम जावा लागतो. कधी दोन. तेवढा दम ज्या भांडवलात आणि ज्या माणसात आहे, त्याच्याच पदरी ते फळ पडते.

याच सुमारास, 1905 साली, वंगभंगाच्या निमित्ताने स्वदेशीची चळवळ उभी राहिली. त्या चळवळीचे ऋण आमच्यावर केवढे आहे हे आम्ही विसरत नाही. परंतु व्यापाराच्या दृष्टीने एक कडू गोष्ट लिहिणे प्राप्त आहे. स्वदेशीच्या भरात निघालेल्या पुष्कळ मंडळ्या भावना ओसरताच बंद पडल्या; कारण त्यांनी भावना हेच भांडवल धरले होते. लोक पहिल्या खेपेस देशासाठी माल घेतात. दुसऱ्या खेपेस माल चांगला असेल तरच घेतात. आम्ही स्वत: एका देशी कारागिराची कुलुपे मोठ्या अभिमानाने घेतली होती; त्यांपैकी एक तर अशा मुहूर्तावर लागले की ते फोडावयास लोहार आणावा लागला, आणि त्या दिवशी घरच्या मंडळींनी देशाभिमानावर जे भाष्य केले ते येथे देण्याजोगे नाही. लक्ष्मणरावांचा नांगर विलायती नांगराशी शेतातच झुंजला, आणि टिकला तो कामाच्या जोरावर. देशाभिमान त्याच्या पाठीशी होता, पण फाळाच्या जागी तो बसवता येत नव्हता.

धंदा असा हळूहळू मूळ धरू लागला तोच बेळगावात एक संकट आले. 1910 सालच्या आरंभी तेथील नगरपालिकेने शहराची नवी वस्ती वसवण्यासाठी कारखान्याची जागा खाली करण्यास सांगितले. भट्टी, यंत्रे, साचे, कामगार, सारे उचलून कोठे न्यावयाचे? त्याच वेळी लक्ष्मणराव औंध येथे यमाईच्या देवळाच्या सभामंडपाचे काम करीत होते. औंधचे अधिपती भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वत: चित्रकार आणि कलांचे चाहते. हाती घेतलेले काम हा माणूस कसे करतो हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले होते. अडचण कळताच त्यांनी आपल्या संस्थानात हवी ती जागा निवडा असे सांगितले आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. संस्थानिकाचे असे पाठबळ प्रत्येक दुकानदाराला कोठून मिळणार, असे कोणी म्हणेल तर ते रास्तच आहे, आणि लक्ष्मणरावांच्या यशात या दैवाचा वाटा लहान नव्हता. तथापि हे पैसे अर्ज करून मिळाले नाहीत. सभामंडपाचे काम चोख झाले होते, हीच त्यांची शिफारस.

जागा निवडली ती कुंडल रोड या रेल्वे स्टेशनालगतची. बत्तीस एकर माळ. त्यावर निवडुंग आणि त्या निवडुंगात साप. पिण्याच्या पाण्याची ददात. शेतीच्या दृष्टीने ती जमीन कोणी फुकट घेतली नसती. परंतु कारखान्याच्या दृष्टीने पाहिले तर लोखंड आणि कोळसा यांचे डबे दाराशी उतरतात आणि तयार नांगर त्याच दारातून गाडीत चढतात. नांगर हा जड माल. त्याच्या किमतीत वाहतुकीचा भाग थोडा नसतो. हमरस्त्यावरील दुकानासाठी दुप्पट भाडे मोजणारे आणि मालाच्या ने-आणीचा हिशेब कधीच न मांडणारे व्यापारी आमच्या ओळखीचे आहेत. 10 मार्च 1910 रोजी या माळावर किर्लोस्करवाडीची स्थापना झाली.

तेथे जी माणसे जमली त्यांच्याविषयी दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. शंभुराव जांभेकर यंत्रकामातले. मंगेशराव रेगे हिशेब सांभाळणारे. अनंतराव फळणीकर शाळेत अपयशी ठरलेले, पण यंत्राची नवी कल्पना लढवण्यात तरबेज. आणि वडीलबंधू रामुअण्णा यांच्याकडे गावाची आखणी, आरोग्य आणि व्यवस्था. दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर लक्ष्मणरावांनी वाडीच्या रात्रीच्या पहाऱ्याचे काम सोपवले, आणि त्यांनी ते इमानाने केले. या वसाहतीत अस्पृश्यतेला थारा दिला गेला नाही. त्या काळच्या दक्षिण महाराष्ट्रात, सार्वजनिक पाणवठ्यावर ज्यांची सावली चालत नसे त्यांना एका वस्तीत बरोबरीने नांदवणे हे सभेतील ठराव मंजूर करण्याइतके सोपे नव्हते. धर्मसुधारणेवर तासन् तास बोलणारे आणि आपल्या दुकानातील नोकराला वेगळ्या भांड्यातून पाणी देणारे गृहस्थ आम्ही पाहिले आहेत. कोणाच्या हाताला काय येते एवढेच पाहणारा मालक मिळाला म्हणजे माणसे धंद्याला चिकटतात.

भाऊभाऊ भागीदार असले की तिसऱ्या पिढीला दावा ठरलेला, असा आमचा वकिलीतला अनुभव. त्यामुळे रामुअण्णा आणि लक्ष्मणराव यांची जोडी आम्हांस विशेष वाटते. एकाची बुद्धी यंत्राची, दुसऱ्याची व्यवस्थेची. आणि एकाने दुसऱ्याच्या कामात बोट घातले नाही. वाटण्यांच्या दाव्यांचे मूळ पैशात असते असे पक्षकार सांगतात. कैफियती वाचून आमचे मत असे झाले आहे की ते बहुधा या बोट घालण्यात असते.

1914 साली पहिले महायुद्ध पेटले. विलायती नांगरांची आवक मंदावली, देशी नांगराला मागणी वाढली; आणि नेमके त्याच वेळी लोखंड मिळेना. मागणी आहे पण कच्चा माल नाही, असा पेच पडला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफांचे लोखंड दिले, आणि त्या तोफा वितळवून नांगर ओतले गेले. या घटनेवर काव्य करण्याचा मोह आम्ही आवरतो. व्यापाऱ्याने त्यातून इतकेच पाहावे की अशा वेळी माल देत राहणे हीच गिऱ्हाइकाची खरी सेवा असते. हलक्या धातूचा नांगर देऊन दाम दुप्पट घेता येतो, पण तो नांगर पुढे दहा वर्षे शेतात उभा राहून कारखान्याविरुद्ध साक्ष देत असतो.

आता जाहिरातीविषयी. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी लाहोरास पंडित सातवळेकर यांच्याकडे चित्रकलेचे शिक्षण घेतले होते. चुलत्याला रंग दिसत नव्हते म्हणून चित्रकला सोडावी लागली, आणि पुतण्याची चित्रकला कारखान्याच्या जाहिरातीला उपयोगी पडली, हा योग मोठा मौजेचा आहे. 1920 साली किर्लोस्कर बंधूंच्या धंद्याची मर्यादित कंपनी झाली, आणि त्याच वर्षी शंकररावांनी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे पत्र काढले. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांस आणि एजंटांस पोहोचवावी, एवढाच त्याचा मूळ हेतू होता.

वस्तुत: असली पत्रे अल्पायुषी असतात. मालकाची स्तुती, मालाची स्तुती, आणि दिवाळीला शुभेच्छा, यापलीकडे ती जात नाहीत; घेणारा ती उघडण्यापूर्वीच चुलीकडे धाडतो. ‘खबर’ टिकले, कारण त्यात नांगराखेरीज वाचणाऱ्याच्या उपयोगाचे काही असे. उद्योगाची माहिती, यशस्वी माणसांची चरित्रे, आरोग्य, पुढे गोष्टी, आणि समाजसुधारणेचे वादग्रस्त लेखही. ज्या घरात कधी नांगर लागणार नाही अशा घरांतूनही ते मागवले जाऊ लागले. पुढे त्याचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. 1930 साली खास स्त्रियांसाठी ‘स्त्री’ आणि 1934 साली तरुणांसाठी ‘मनोहर’ निघाले. नांगराच्या जाहिरातीतून निघालेल्या मासिकांनी मराठी मध्यमवर्गाला विधवाविवाहावर आणि जातिभेदावर विचार करावयास लावले, ही घटना आमच्या वाङ्मयाच्या इतिहासात एकुलती एक असावी. या सुधारकी लेखांमुळे सनातनी वाचक रागावतील आणि नांगराचे गिऱ्हाईक तुटेल, ही भीती व्यवहारी माणसाला वाटणारच. ती पत्करून मासिके चालली. येथे दुकानाचा हिशेब आणि सुधारणेचा हिशेब एकमेकांच्या विरुद्ध जाऊ शकत होते, हे सांगितल्यावाचून या कुटुंबाच्या धैर्याची नीट कल्पना यावयाची नाही.

प्रत्येक माल मात्र खपला असे नाही, आणि चरित्रकारांनी तसे भासवू नये. 1929 साली अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे इनाम जाहीर केले. खेड्यातील स्त्रीला झोपडीत चालवता यावा, तिला परवडावा आणि सहज बिघडू नये, अशा त्याच्या अटी होत्या. किर्लोस्करांनी चरखा तयार करून धाडला. तो परीक्षकांच्या कसोटीस पूर्णपणे उतरला नाही. ते इनाम अखेर कोणासच मिळाले नाही. आम्ही राष्ट्रीय पक्षाचे असूनही म्हणतो की परीक्षकांनी योग्य तेच केले. नांगराच्या बाबतीत शेतकऱ्याने जो संशय घेतला होता तोच येथे चरखा संघाने घेतला, आणि वापरणाऱ्याच्या बाजूने घेतला.

नांगराच्या जोडीला पुढे उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, पाण्याचे पंप असा माल वाडीत होऊ लागला. ही यादी वाचताना एक गोष्ट नजरेत भरते. ज्याने नांगर घेतला त्यालाच कडबा कापावयाचा असतो, त्याच्याच मळ्यात ऊस असतो, त्याच्याच विहिरीचे पाणी वर काढावयाचे असते. एकदा ज्याचा संशय फिटला आहे अशा गिऱ्हाइकाच्या घरात फिरून त्याला आणखी काय हवे ते पाहणे, हे नवे गिऱ्हाईक शोधण्याहून सोपे आणि स्वस्त. आमचे पुष्कळ दुकानदार याच्या उलट करतात. कापडाच्या दुकानाला यश आले की शेजारी सिनेमागृह काढतात, आणि दोन्ही घालवून बसतात. पुढील पिढीने मात्र शेतीच्या पलीकडे झेप घेतली. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्येच्या प्रसिद्ध संस्थेत शिकून आले. 1941 साली हरिहर येथे यंत्रे घडवणारी यंत्रे करण्याचा आणि 1946 साली पुण्यास तेलाच्या एंजिनांचा कारखाना निघाला. तो इतिहास मोठा आहे, आणि तो स्वतंत्रपणे लिहावा लागेल.

लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 रोजी निवर्तले. त्यांच्या जन्मशताब्दीस, 1969 साली, भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. कुंडल रोड स्टेशनाला पुढे किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले. आणि ज्या बेळगावातून भट्टी आणि साचे उचलून त्यांना निघावे लागले, त्या बेळगावात त्यांचे सायकलीचे दुकान ज्या रस्त्यावर होते त्या रस्त्याला किर्लोस्कर रोड म्हणतात.